जुनी गाडी जुन्याच भावात?

खास प्रतिनिधी

लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ रोजी, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. पेट्रोल गाड्यांवरील एक टक्का उपकरही त्याच दिवशी संपुष्टात आला. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना या निर्णयाचा लाभ झाला आणि शोरूमपुढे रांगा लागल्याची छायाचित्रे झळकली. वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात त्याच दिवशी काय घडले, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. तेथे उभ्या असलेल्या प्रत्येक लहान गाडीचे मोल त्या दिवशी घटले. पण तिच्या काचेवर चिकटवलेली किंमत लगेच बदलली असे नाही.

हिशेब सोपा आहे. करापूर्वी चार लाख रुपये किंमत असलेली गाडी २९ टक्के करासह ५ लाख १६ हजारांना पडत होती; १८ टक्क्यांच्या दराने तीच ४ लाख ७२ हजारांना मिळते. मोटार विम्याच्या रूढ तक्त्यात दोन ते तीन वर्षे वयाच्या गाडीला ३० टक्के घसारा धरला जातो. जुन्या किमतीवर तो लावल्यास गाडी ३ लाख ६१ हजारांची ठरते, नव्या किमतीवर लावल्यास ३ लाख ३० हजारांची. विकणारा साहजिकच आपण मोजलेल्या पैशांवरून भाव सांगतो. घेणाऱ्याने मात्र तीच गाडी आज नवी केवढ्याला मिळते, तेथूनच बोलणी सुरू करायला हवीत. ही तीस-एकतीस हजारांची तफावत सोडून देण्याचे त्याला कारण नाही.

काही विक्रेते या संदर्भात वेगळेच कारण पुढे करतात. वस्तू व सेवा कर परिषदेच्या जैसलमेर येथील डिसेंबर २०२४ च्या बैठकीत जुन्या लहान गाड्यांवरील कर १२ वरून १८ टक्के करण्यात आला, म्हणून गाडी महाग झाली, असे सांगितले जाते. हा कर गाडीच्या संपूर्ण किमतीवर नसून नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या खरेदी-विक्रीतील फरकावर आहे. फरक तीस हजारांचा असेल तर वाढीव बोजा अठराशे रुपयांचा. दोन खासगी व्यक्तींमधील व्यवहाराला तर हा कर लागूच होत नाही.

असे असले तरी जुन्या गाडीची बाजू लंगडी नाही. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के एकरकमी वाहन कर आहे. वरील उदाहरणात तो सुमारे ५२ हजार होतो. शिवाय सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीबरोबर तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदमच घ्यावा लागतो. म्हणजे रस्त्यावर येईपर्यंत नवी गाडी साडेपाच लाखांच्या आसपास जाते. राज्यातच नोंदलेली जुनी गाडी घेणाऱ्याला तो वाहन कर पुन्हा भरावा लागत नाही. परराज्यातून आणलेल्या गाडीचे तसे नाही. तिचा कर येथे नव्याने भरावा लागतो आणि आधीचा परत मिळवण्यासाठी मूळ राज्यात खेटे घालावे लागतात.

खरी फसगत होते ती हप्त्यांत. नव्या गाडीसाठी चार लाखांचे कर्ज ९ टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ८,३०० रुपये बसतो. जुन्या गाडीसाठी २ लाख ३० हजारांचे कर्ज १३ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे ७,७५० रुपये. ‘फरक अवघ्या साडेपाचशेचा, मग नवीच घ्या,’ हा युक्तिवाद येथूनच जन्मतो. त्यात न सांगितलेली गोष्ट ही, की पहिला हप्ता दोन वर्षे अधिक चालतो आणि एकूण व्याज जवळपास दुप्पट, म्हणजे ९८ हजार विरुद्ध ४९ हजार, जाते. महिन्याला वीस-पंचवीस वेळाच गाडी बाहेर काढणाऱ्या कुटुंबासाठी हा फरक लहान नाही.

सुरक्षिततेच्या कसोटीवर नवी गाडी निर्विवाद पुढे आहे. अल्टो के-१० सारख्या सर्वांत स्वस्त गाडीतही २०२५ मध्ये सहा एअरबॅग आल्या. पुढच्या प्रवाशासाठीची एअरबॅग जुन्या मॉडेलमध्ये सक्तीची झाली तीच २०२१ च्या अखेरीस. त्याआधीची गाडी घेताना ती आहे का, हे पाहावे. वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा प्रश्नही एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाड्यांबाबत अधिक गंभीर आहे. मायलेजमधील घट थोडी असली, तरी जुन्या रबरी नळ्या आणि सील तपासून घेण्याला पर्याय नाही.

सर्वांत दुर्लक्षित बाब आहे ती नावावर करण्याची. कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या घेऊन ठेवायच्या आणि गाडी दोन-तीन हात फिरवायची, ही दलालांची जुनी रीत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले, की आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव आहे तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेकांच्या हाती गेली होती. नोंद मात्र पहिल्याच मालकाची राहिली होती. त्यानंतर केंद्राने एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना अधिकृत प्रमाणपत्र सक्तीचे केले. गाडी ताब्यात घेतल्याची सूचना आरटीओला दिल्यावर विक्री होईपर्यंत असा व्यापारीच मालक मानला जातो.

घेणाऱ्यालाही या ढिलाईची झळ पोहोचते. मोटार वाहन कायद्यानुसार त्याने तीस दिवसांत नोंद बदलण्यासाठी अर्ज करायचा असतो. विम्याची पॉलिसी पूर्वीच्याच मालकाच्या नावावर राहिली, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. नो क्लेम बोनस तर गाडीबरोबर येतच नाही, तो जुन्या मालकाकडेच राहतो. आरसीवर बँकेच्या कर्जाचा बोजा दिसत असेल, तर बँकेचे ना हरकत पत्र आणि सही केलेला फॉर्म ३५ हाती पडल्याशिवाय बयाणा देऊ नये. थकलेली चलने आणि बोजा या दोन्ही गोष्टी परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीच्या क्रमांकावरून पाहता येतात. त्याला पाच मिनिटे लागतात.