नांगराच्या रेघा

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं छायाचित्रांचें एक पुस्तक आलें. तें चाळून आमचे वडील बंधु म्हणाले, "यांत आकाश कोठें आहे? हा देखावा, कीं लांकडी फळीवरील रेघा?" प्रश्न रास्त होता. क्षितिज नाहीं, नदीचें पाणी नाहीं. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांस पट्टे भिडलेले, आणि मध्येंच काडेपेटीएवढें एखादें घर.

हीं चित्रें इटलींतील मारियो जाकोमेल्ली (१९२५–२०००) यांचीं. मिसा नदी आद्रियातिक समुद्रास मिळते, त्या सेनिगाल्लिया गांवीं ते जन्मले. नवव्या वर्षीं वडील वारले, तेराव्या वर्षीं ते छापखान्यांत शिरले, आणि छापखाना हाच पुढें त्यांचा चरितार्थ झाला. सवडीच्या दिवशीं ते त्या खोऱ्यांतील टेकड्यांवर जाऊन उतारावरील शेतें टिपीत. पुढें विमानांतूनहि टिपूं लागले. चित्र छापतांना करडी छटा जवळजवळ उडवून टाकीत. उरे तें शाईसारखें काळें व कागदासारखें पांढरें. खिळ्यांच्या ओळींत वाढलेल्या माणसास नांगरटीच्या ओळी दिसाव्या, यांत आम्हांस नवल वाटत नाहीं.

आतां कित्येक वाचक भुंवया चढवितील अशी गोष्ट. हे गृहस्थ ट्रॅक्टरवाल्या शेतकऱ्यांस सांगून शेतांत हव्या तशा रेघा काढवून घेत! बंधूंच्या मतें ही शुद्ध लबाडी. आम्हांस तसें वाटत नाहीं. फोटोस बसतांना टोपी सरळ करणारास कोणी लबाड म्हणत नाहीं. आणि शेत तर मुळांतच माणसानें जमिनीवर काढलेलें चित्र.

आमच्या मनास लागलें तें निराळेंच. त्या प्रांतीं शेती बहुधा अर्धेलीनें चाले: राबणार कुळ, निम्मा वाटा मालकाचा. १९६४ सालीं असे नवे करार कायद्यानें बंद झाले. जाकोमेल्लींचीं चित्रें या उलथापालथीच्या आधींपासून नंतरपर्यंतचीं आहेत. १९५७ सालीं कुळकायद्यानें जमीन जाईपर्यंत आमच्या आजोबांच्या घरींहि असेंच वाट्याचें भात येई. पोतीं मोजलीं जात, कागद पेटींत जपले जात. परंतु त्या शेताचा बांध कोठें वळतो, हें घरांतील एकासहि सांगतां येत नसे. त्या शेताचें एकहि चित्र आमच्यापाशीं नाहीं.

हें बोलणें झाल्यावर बंधूंनीं पुस्तक पुन्हां उघडलें. बराच वेळ ते एकाच पानावर थांबले. मग त्या काडेपेटीएवढ्या घरावर बोट ठेवून म्हणाले, "हें कुळाचें असेल, नाहीं का?"