फोन उचलणाऱ्या एआयची सेटिंग बदलताना एवढं सांभाळा

तुमच्या दवाखान्याचा, दुकानाचा किंवा क्लासचा फोन आता एआय एजंट उचलत असेल. फोन करणाऱ्याला तो आवाज म्हणजे तुम्हीच. म्हणून त्याच्या सेटिंगचं काम 'पोरं बघून घेतील' म्हणत सोडून देऊ नका.

हे बदल पुष्कळदा एपीआयमधून होतात. तुमचा माणूस संगणकावरून थेट कंपनीच्या सर्व्हरला निरोप धाडतो. वेळ बदला, आवाज बदला, पहिलं वाक्य बदला. निरोप लागू झाला की पुढचे फोन नव्या सेटिंगवर. 'नक्की ना?' असं विचारायला मध्ये कोणी नसतं. चूक झालीच तर ती आधी गिऱ्हाइकाच्या कानावर पडते.

म्हणून पुढच्या गोष्टी क्रमाने करा.

आधी जुनं जपून ठेवा. आज चालू असलेल्या सगळ्या सेटिंग मागवून घ्यायला सांगा. तारीख घालून त्यांची फाइल ठेवा. उद्या बिघडलं, तर पूर्वीसारखं करायला तीच कामी येते.

एका वेळी एकच गोष्ट बदला. आवाज, भाषा आणि सूचना एकदम बदलल्या, तर बिघाड कशामुळे झाला ते कळत नाही. बदल दुपारी किंवा रात्री, फोन कमी असताना करा. सोमवारी सकाळी तर नकोच.

जेवढं बदलायचं तेवढंच पाठवायला सांगा. इलेव्हनलॅब्स, वापी यांसारख्या कंपन्या यासाठी 'पॅच' नावाची पद्धत वापरतात. तिच्यात सांगितलेलं बदलतं, न सांगितलेलं तसंच राहतं.

यादी असेल तिथे मात्र जास्त जपा. समजा, एजंटकडे दोन कामं आहेत: अपॉइंटमेंट नोंदवणं आणि गरज पडली तर फोन माणसाकडे देणं. तुम्ही तिसरं काम वाढवलं आणि यादीत तेवढं एकच लिहून पाठवलं. पुष्कळदा नवी यादी जुनीच्या जागी बसते आणि आधीची दोन्ही कामं पुसली जातात. मग छातीत कळ येणारा पेशंट 'डॉक्टरांना द्या' म्हणत राहतो आणि फोन कुणाकडेच जात नाही. म्हणून यादी नेहमी जुन्या-नव्यासकट पूर्ण पाठवा.

समोरून '२००' असं उत्तर आलं की मुलं म्हणतात, झालं. त्याचा अर्थ निरोप स्वीकारला गेला, एवढाच. सेटिंग पुन्हा मागवा आणि जुन्या फाइलशी ताडून बघा.

आता स्वतः फोन लावा. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही लावायला सांगा. 'साडेदहाला येऊ का? की पावणेबाराला?' असं विचारा. वेळ बरोबर नोंदली का ते बघा. 'जळगाव', 'चहा' हे शब्द नीट उच्चारतो का ते ऐका. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत असल्यामुळे भाषा चुकून हिंदीवर राहिली, तरी लिहिलेल्या सूचनांवरून ते लक्षात येत नाही. ते कानालाच कळतं.

बोलताना मध्येच थांबून बघा. वयस्कर माणसं आठवून आठवून बोलतात. एजंटची थांबायची वेळ फार कमी ठेवली, तर तो त्यांचं वाक्य तोडतो आणि ती बिचारी फोन ठेवून देतात.

घड्याळही तपासा. बरेच सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. तुमचा दवाखाना संध्याकाळी सहाला उघडतो, तेव्हा तिथे दुपारचे साडेबारा झालेले असतात. एजंट खुशाल 'दवाखाना बंद आहे' सांगेल. टाइम झोन 'एशिया/कोलकाता' आहे ना, ते विचारा.

तातडीच्या वेळी तो काय बोलतो, हे प्रत्येक बदलानंतर ऐकाच. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ नंबर आहे. तो त्याने एकेक आकडा सुटा करून सांगायला हवा.

एपीआयची की नीट सांभाळा. ती अक्षरांची आणि आकड्यांची लांबलचक ओळ असते. ती ज्याच्या हाती, त्याला तुमचा एजंट बदलता येतो, काही वेळा झालेली संभाषणंही बघता येतात. त्याने केलेल्या वापराचं बिल मात्र तुमच्या नावावर येतं. ती व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका. काम बघणारा मुलगा सोडून गेला, तर त्याच दिवशी जुनी की रद्द करून नवी घ्या. त्यात त्याच्यावर अविश्वास नाही. तुमच्या आणि त्याच्याही भल्याचंच आहे.

पहिल्या वाक्यातच सांगा की बोलणारा एआय आहे आणि संभाषण रेकॉर्ड होतंय. वाक्य बदलताना हा भाग गाळू नका. लोक विश्वासाने नाव, नंबर, दुखणं सांगतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही हाच आहे, की अशी माहिती घेणाऱ्यानेच तिची काळजी घ्यायची.

यातलं काही करायला संगणकाचं शिक्षण लागत नाही. माणूस तांत्रिक काम करेल, पण विचारायचं तुम्ही आणि ऐकायचंही तुम्ही. प्रत्येक बदलानंतर पहिला फोन तुमचा असू द्या. तुमच्या कानाला पटल्याशिवाय तो आवाज लोकांपर्यंत जाऊ देऊ नका.