खेळाचा खर्च कोणत्या खात्यात?

किंमत आणि मूल्य हे दोन शब्द आम्ही वर्गात वर्षानुवर्षे वेगळे करून शिकवीत आलो आहोत. ग्रंथाचे मूल्य त्याच्या छापील किमतीवरून ठरत नाही, हे तर प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक असते. परंतु हाच भेद वर्गाबाहेर वापरण्याची वेळ आली, तेव्हा आमची चांगलीच गफलत झाली. प्रसंग साहित्याचा नव्हता. खेळण्यासाठी संगणक घ्यावा की कन्सोल, असा साधा प्रश्न होता.

घुग्घुस हे कोळशाचे, सिमेंटचे आणि लोखंडाचे गाव. खाणीत डंपर चालवणारे एक गृहस्थ एके दुपारी विभागात आले. त्यांचा मुलगा बारावीला होता. “सर, पोरगं म्हणते का गेमवाला कम्प्युटर घेऊन द्या. दुकानदार म्हणते, टीव्हीले लावाचा डबा घ्या, सस्ता पडते. तुम्हीच सांगा, काय करू?” आम्ही क्षणाचाही विचार न करता सांगून टाकले, “कम्प्युटर घ्या. अभ्यासालाही होईल.” ते समाधानाने गेले. वर्षभराने भेटले तेव्हा आवाज पडलेला होता. मुलगा दार लावून खेळतो आणि विचारले की ‘प्रोजेक्ट करतोय’ म्हणतो. “अभ्यासाचं म्हटलं म्हणून घेतलं, सर,” एवढेच ते बोलले. खोटे मुलगा बोलत होता, पण त्या खोट्याची संहिता आम्हीच लिहून दिली होती. म्हणून हा हिशोब, थोडा उशिरा का होईना, नीट मांडावा असे वाटते.

प्रथम किंमत. प्लेस्टेशन ३ भारतात २००७ मध्ये ३९,९९० रुपयांना आला. प्लेस्टेशन ५ येथे २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला तेव्हा डिस्क लागणाऱ्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये होती आणि २०२२च्या अखेरीस ती ५४,९९० झाली. एरवी जुने होत जाणारे यंत्र स्वस्त होते. येथे उलटे घडले. तरीही तेवढ्याच ताकदीचा संगणक सुटे भाग जुळवून केला, तर पडद्यासह साठ-सत्तर हजारांच्या आत क्वचितच बसतो. कारण उघड आहे. कन्सोलचा उत्पादक यंत्रावर अल्प नफा घेतो, प्रसंगी तोटाही सोसतो, आणि पुढे प्रत्येक खेळाच्या विक्रीतून आपला वाटा वसूल करतो. संगणकाच्या बाबतीत असा पुढची वसुली करणारा एक धनी नसतो, म्हणून प्रत्येक भागाचा कर्ता आपला नफा जागीच घेतो. शिवाय त्या भागांचे भाव जगाच्या वाऱ्यावर हलतात. २०२१ मध्ये आभासी चलनाच्या ‘खाणकामा’मुळे ग्राफिक्स कार्डे दुर्मीळ झाली, तर २०२५च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मेमरीचे भाव चढवले. घरात टीव्ही असेल तर पहिल्या दिवशीच्या खर्चात कन्सोल जिंकतो. दुकानदार खोटे बोलत नव्हता.

परंतु खर्च पहिल्या दिवशी संपत नाही. प्लेस्टेशन ५च्या आगमनावेळी नव्या मोठ्या खेळांची किंमत ४,९९९ रुपयांपर्यंत गेली होती. वर्षाला असे दोन खेळ पूर्ण दराने घेतले, तर पाच वर्षांत यंत्राइतकीच रक्कम पुन्हा जाते. विकत घेतलेला खेळ आंतरजालावर इतरांबरोबर खेळायचा तर बहुधा वेगळी वर्गणी पडते. संगणकावर ही वर्गणी सहसा नसते. स्टीम या दुकानाने नोव्हेंबर २०१५ पासून रुपयांत दर लावले. सवलतीच्या दिवसांत तेथे जुने उत्तम खेळ काही शेकड्यांत मिळतात. एपिक हे दुसरे दुकान डिसेंबर २०१८ पासून ठरावीक काळाने एखादा खेळ फुकट देत आले आहे. चार-पाच वर्षांचा विचार केला की दोन्ही पारडी जवळ येतात.

येथे एक गंमत आहे, आणि ग्रंथालयाशी नाते असलेल्यांना ती चटकन कळेल. डिस्क ही वस्तू आहे. ती मित्राला देता येते, बदलता येते, विकता येते. वसाहतीतल्या तीन मुलांनी एकेक डिस्क घेतली तर तिघांचे तीन-तीन खेळ होतात. आमच्या पिढीने नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या गेमच्या कॅसेटी अशाच गल्लीभर फिरवल्या. संगणकावरचा खेळ मात्र बहुधा खरेदीदाराच्या नावाला चिकटलेला असतो. आपण खेळ नव्हे, तो वापरण्याचा परवाना विकत घेत आहोत, हे स्टीमने ऑक्टोबर २०२४ पासून खरेदीच्या वेळी स्पष्ट लिहायला सुरुवात केली. प्लेस्टेशन ५चे डिस्क नसलेले यंत्र आरंभी दहा हजारांनी स्वस्त होते. त्या दहा हजारांच्या बदल्यात आपण उसने देण्याचा आणि जुने विकण्याचा हक्क सोडतो. किमतीच्या तक्त्यात ही ओळ कोणी लिहीत नाही.

आमच्या गावाच्या आणखी दोन ओळी आहेत. एक उन्हाची. मोठा खेळ चालू असताना प्लेस्टेशन ५ सुमारे दोनशे वॅट वीज घेतो; मध्यम ताकदीचा संगणक पडद्यासह सहज तीन-चारशे. रोज दोन तास धरले तर महिन्याला बारा युनिटे विरुद्ध अठरा ते चोवीस. बिलाचा फरक फार नाही; पण ती सारी वीज अखेर उष्णता होऊन खोलीत उतरते, आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. दुसरी ओळ धुळीची. पंखा हवेबरोबर कोळशाची भुकटीही ओढतो. संगणकाचे झाकण घरी उघडता येते, फुंकणीने साफ करता येते, बिघडलेला एक भाग बदलून बाकीचे चालवता येतात. कन्सोल बंद पडला की बहुधा दुरुस्तीसाठी शहराची वाट धरावी लागते.

एवढा हिशोब आम्ही त्या गृहस्थांना सांगू शकलो असतो. आम्ही त्याऐवजी ‘अभ्यास’ हा शब्द दिला. तो आमच्या तोंडी इतक्या सहज का आला? महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत संगणक शिक्षणाचे बोट धरून आला. २००१ नंतर एमएस-सीआयटीच्या वर्गांनी ते बोट अधिकच घट्ट केले. संगणकाचा खर्च शिक्षणाच्या खात्यात आणि कन्सोलचा खर्च चैनीच्या खात्यात, अशी विभागणी मध्यमवर्गाने मनाशी करून ठेवली. मग संगणकावर खेळणारा मुलगा चोर ठरतो, आणि वीस हजार जास्त खर्चूनही घरातला विश्वास गमावला जातो. कन्सोलचा एक गुण यामुळेच आमच्या नजरेतून सुटला. तो स्वतःविषयी खोटे बोलत नाही. तो दिवाणखान्यात सर्वांसमोर असतो आणि खेळायला घेतलेला असतो.

खेळाची लाज मराठीला पूर्वापार नव्हती. चक्रधरस्वामींच्या चरित्राच्या नावातच ‘लीळा’ आहे. तुकोबांच्या गाथेत फुगडी, टिपरी, विटीदांडू अध्यात्माची भाषा बोलतात. योहान हाउझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ मध्ये खेळ हा संस्कृतीच्या मुळाशी असतो असे प्रतिपादन केले. आमच्या संतकवींनी तो निदान कवितेच्या अंगणात तरी कधीच आणून ठेवला होता. खेळाला अभ्यासाचा दाखला मागण्याची सवय अलीकडची आहे.

तर मग संगणकाचे अधिक मूल्य काहीच नाही काय? आहे, पण ते ‘अभ्यासालाही होईल’ या वाक्यात नाही. ते असे की कन्सोलवर खेळ बहुतांशी वाचता येतो. संगणकावर तो लिहिताही येतो. १९९८च्या ‘हाफ-लाइफ’ या खेळात फेरफार करून दोन तरुणांनी १९९९ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ रचला आणि तो स्वतंत्र कृती म्हणून जगभर गेला. लहान तोंडी मोठा घास होईल, परंतु शके १२१२ची ज्ञानेश्वरी शिकवणाऱ्यांना हे नवल वाटू नये. टीका म्हणून आरंभलेले लेखन मूळ ग्रंथाइतके स्वतंत्र होते हे आपण जाणतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा महाबलासुराशी झुंजणाऱ्या मुलीचा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम निन्टेंडोच्या कन्सोलवर आला. पण घडला तो संगणकावरच. गोडो आणि ब्लेंडर ही खेळ घडवण्याची साधने आज फुकट मिळतात. मुलाला या बाजूची ओढ असेल, तर संगणकावरचे जास्तीचे वीस हजार वाया जात नाहीत. ओढ नसेल, तर ती रक्कम केवळ पालकांच्या मनाच्या समाधानाची किंमत ठरते.

म्हणून आमचा बदललेला सल्ला असा. मुलाला फक्त खेळायचे असेल तर डिस्कचा कन्सोल घ्यावा, आणि ‘खेळायला घेतला’ असे सांगून घ्यावा. खेळ उघडून पाहण्याची, त्यात आपले काही घालण्याची त्याची इच्छा असेल तर संगणक घ्यावा. रंगीत दिवे नसलेला, पुढे भाग वाढवता येतील असा. तेव्हाही खेळण्याचे तास उघडपणे ठरवावेत. आणि घरात दोन्हींची ऐपत नसेल तर लाजू नये. मुलाच्या हातातल्या फोनवर खेळ आहेतच. फक्त त्यांतली ‘फुकट’ ही पाटी वाचून फसू नये, कारण तेथे वसुली आतून, थोडी थोडी करून होते.

त्या गृहस्थांकडे आम्ही पुढे गेलो आणि मुलासमोरच सांगितले, की संगणक अभ्यासासाठी घ्या असे म्हणणे ही आमची चूक होती; तो खेळायलाच हवा होता आणि त्यात गैर काही नव्हते. वडील काही बोलले नाहीत. मुलाने मात्र उठून खोलीचे दार उघडले आणि विचारले, “सर, पाहता का काय खेळतो ते?” आम्ही तासभर बसलो. वडीलही दारात उभे राहून पाहत होते.