चितार आळीतलं खेळणं चांगलंच, पण ते पोराच्या तोंडात जाणार असेल तर?

सावंतवाडी : चतुर्थीला किंवा मे महिन्यात चाकरमानी गावात आले की परत जाताना चितार आळीत एक फेरी ठरलेलीच. लाकडी फळांचा संच, भातुकली, बाहुली, नाहीतर नुकतं उभं राहणाऱ्या नातवासाठी पांगुळगाडा. जिल्ह्याला या कारागिरीचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. मात्र दीड-दोन वर्षांचं पोर खेळणं हातात घेतं त्याआधी तोंडात घालतं. तिथे अभिमान कामाला येत नाही, खेळणं तपासूनच घ्यावं लागतं.

प्रश्न आत्ताच का, तर कायद्यामुळे. केंद्राच्या खेळणी गुणवत्ता आदेशानुसार १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. त्याआधी २०१९ मध्ये क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाने बाजारातली परदेशी खेळणी तपासली, तेव्हा सुमारे ६७ टक्के नमुने नापास झाले होते. आयात कर आधी २० चा ६० टक्के केला, मग ७०. त्यामुळे स्वस्त परदेशी माल बराच आटला.

पण या आदेशात एक सूट आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिराने स्वतः बनवलेल्या आणि विकलेल्या खेळण्यांना शिक्का लागत नाही. जीआय मानांकन असलेल्या वस्तूंच्या नोंदणीकृत उत्पादकांनाही तीच सवलत आहे. सूट बरोबरच आहे. चार माणसं पडवीत बसून काम करतात त्या घराला प्रयोगशाळेचा खर्च झेपणार नाही, सक्ती केली असती तर धंदा बसला असता. मात्र याचा दुसरा अर्थ असा की, कारागिराकडचं खेळणं कुणी तपासलेलं असेलच असं नाही. ते काम घेणाऱ्यावर येऊन पडतं.

ही सूट फक्त कारागिराला आहे, हेही ध्यानात ठेवायला हवं. हायवेवरच्या दुकानात किंवा जत्रेतल्या पालावर बिनशिक्क्याचं प्लायवूडचं खेळणं ‘हाताने केलेलं’ म्हणून पुढे केलं तर खुशाल विचारावं, कुणी केलं, कारागिराचं ओळखपत्र आहे काय? शिक्का असेल तर त्यावर आयएस ९८७३ हा क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. बीआयएस केअर या मोबाइल अॅपवर तो टाकला की परवाना खरा की खोटा ते लगेच कळतं. तक्रारही तिथूनच करता येते.

खरी भीती रंगाची. पिवळा, नारिंगी, लाल असे भडक रंग टिकावेत म्हणून त्यात शिशाची संयुगं घालायची जुनी पद्धत आहे. गावात आजी म्हणतात, “आमची पोरां ह्याच खेळण्यांवर वाढली, काय झाला तेंका?” शिशाचं दुखणं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तसं वाटतं. पोर आजारी पडत नाही, पण बुद्धीची वाढ आणि शिकण्याची शक्ती कमी होते. मोठ्या माणसापेक्षा लहान मूल पोटात गेलेलं शिसं चार-पाच पट जास्त शोषून घेतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे शिशाची सुरक्षित अशी कुठलीच मात्रा नाही.

देशात घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. डब्यावर तसं छापावंही लागतं. पण गाड्यांना, यंत्रांना मारायचा औद्योगिक रंग या नियमात येत नाही. म्हणून कारागिराला रंगाचा डबा दाखवायला सांगण्यात लाजायचं कारण नाही. चांगला कारागीर राग मानणार नाही, उलट डबा पुढे करील.

ओल्या पांढऱ्या फडक्याने खेळणं दहा वेळा घासून बघायचं, ही परीक्षा बरेच जण सांगतात. रंग फडक्याला लागला तर घ्यायचं नाहीच. पण रंग लागला नाही म्हणजे शिसं नाही, असं नव्हे. पक्का ऑइलपेंट घासून निघत नाही, त्याचे पोपडे वर्षभराने निघतात. शिसं प्रयोगशाळेतच कळतं. त्यामुळे वर्षाच्या आतल्या बाळाला बिनरंगाचं, तासून गुळगुळीत केलेलं, फार तर खोबरेल चोळलेलं खेळणं द्यावं. (बाळं तशीही खेळणं टाकून रवी आणि लाटण्यामागेच लागतात.)

दुसरा धोका घशात अडकण्याचा. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी तपासणीत ३१.७ मिलिमीटर तोंडाची नळी वापरतात. खेळणं किंवा त्याचा सुटा भाग त्यात पूर्ण मावला की नापास. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, म्हणजे त्याहून थोडीच मोठी नळी. फळांच्या संचात सुपारी-आवळ्याएवढं काही असेल तर ते बाजूला काढावं. मोठ्या फळाचा देठ ओढून बघावा, तो निघाला तर पोराच्या हातात कधी ना कधी निघणारच. मुळात तो फळांचा संच बराचसा शोभेचा माल आहे. शोकेसमध्ये ठेवायला उत्तम, पोराच्या पुढ्यात टाकायला नव्हे. बाहुलीचे मणी आणि ओढगाडीची वीतभरापेक्षा लांब दोरी यांचंही तेच.

लाकडाचंही बघावं. पांगारा हलका, पायावर पडला तरी फारसं लागत नाही, पण मऊ असल्याने दातांनी कुरतडला जातो आणि कुसळं निघतात. हाताच्या तळव्यापेक्षा गालावरून फिरवलं की खरखर लवकर कळते. आपल्याकडच्या पावसात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आखडतं आणि सांधे ढिले होतात. पांगुळगाड्याचं चाक, खुंटी आणि खिळे म्हणूनच दर पावसाळ्यानंतर तपासायला हवेत. खिळ्यापेक्षा लाकडी खुंटीचा सांधा केव्हाही बरा. दांडा दाबून बघावा, गाडा पुढे कलंडत असेल तर घेऊ नये. आणि पायऱ्या असलेल्या पडवीत कितीही चांगला गाडा असला तरी पोराला एकटं सोडू नये.

राहता राहिला बाबांनी, काकांनी वापरलेला माळ्यावरचा जुना पांगुळगाडा. तो काढून, सॅंडपेपरने घासून नवा रंग देण्याचा विचार बऱ्याच घरांत होतो. २०१७ च्या आधीचा रंग असेल तर घासायच्या भानगडीत पडू नये. जुन्या रंगाची धूळ घरभर बसते आणि रांगणाऱ्या पोराच्या हातावाटे थेट पोटात जाते. तो गाडा आठवण म्हणून माळ्यावर राहू द्यावा आणि पोरासाठी बिनरंगाचा नवा करून घ्यावा. सांगितलं तर कारागीर तसाही करून देतो.