स्मृतीची उधळपट्टी

आपल्या वाङ्मयीन संस्थांना एक सोयीस्कर सवय जडली आहे. संकेतस्थळ बंद पडले की 'सर्व्हर लहान पडतो' असे निदान करायचे आणि मोठ्या सर्व्हरसाठी वर्गणी काढायची. या निदानाला माझा आक्षेप आहे. बहुतेक वेळा सर्व्हर लहान नसतो, आपली मांडणी उधळी असते.

आमच्या नियतकालिकाच्या जुन्या अंकांचे संकेतस्थळ १ जीबी मेमरीच्या भाड्याच्या सर्व्हरवर होते. दर चार-आठ दिवसांनी ते मान टाकी. सेवा पुरवणाऱ्यांचा सल्ला ठरलेला : चौपट मेमरी घ्या. पण मुळात हवे किती? यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे ५००० चिन्हांचा लेख १५ केबीचा आणि असे हजार लेख १५ एमबीत मावतात. मग १ जीबी जाते कोठे?

सर्व्हरच्या नोंदी उघडल्यावर उत्तर मिळाले. अपाचे जुन्या 'प्रीफोर्क' पद्धतीने चालत होता. तीत एकाच वेळी आलेल्या प्रत्येक मागणीसाठी स्वतंत्र प्रक्रिया लागते आणि पीएचपी अपाचेतच बसवलेले असल्यास प्रत्येक प्रक्रिया त्याचे ओझे वाहते. मुखपृष्ठाचे चित्र पोहोचवणारीही! कार्यालयातल्या शिपायाने एक पाकीट देण्यासाठी सारे कपाट पाठीवर घेऊन जावे, तसाच हा प्रकार. प्रक्रियांची मर्यादा १५० होती. प्रत्येकीची स्वतःची अशी ५० एमबी धरली तरी बेरीज ७५०० एमबी होते. जवळ १ जीबी असताना साडेसात जीबीचे आमंत्रण देऊन ठेवायचे आणि मग घर लहान म्हणून रडायचे! मेमरी संपली की लिनक्सचा गाभा एखाद्या मोठ्या प्रक्रियेचा बळी घेतो. आमच्याकडे तो मायएसक्यूएलचा जाई. वाचकाला दिसे ते एवढेच, की डेटाबेसशी संपर्क होत नाही.

उपाय गूढ नाहीत. ४०० एमबी यंत्रणेसाठी व डेटाबेससाठी राखल्यास उरलेल्या ६०० एमबीत बारा प्रक्रिया बसतात. तेराव्या वाचकाने क्षणभर रांगेत थांबावे. सर्वांसाठी दार बंद होण्यापेक्षा ते बरे. पीएचपी अपाचेतून काढून 'एफपीएम'कडे सोपवावे, म्हणजे चित्रे देणाऱ्या प्रक्रिया हलक्या राहतात. वापरात नसलेले प्लगइन काढावेत. आणि मुख्य म्हणजे, १९८० साली छापलेला लेख प्रत्येक वाचकासाठी डेटाबेसमधून नव्याने जुळवू नये. एकदा तयार झालेले पान साठवून तेच द्यावे आणि दुरुस्ती झाली तरच नवे करावे. छापखान्यात प्रत्येक प्रतीसाठी आपण नव्याने खिळे जुळवीत होतो काय?

येथे एक आक्षेप संभवतो. प्राध्यापकाने हे उद्योग का करावेत? मेमरी विकत घेणे सोपे नाही का? वेळेचे मोल मलाही मान्य आहे; मोजमाप करूनही जागा अपुरी ठरली, तर मोठा सर्व्हर अवश्य घ्यावा. पण मेमरी येथे विकत मिळत नाही, भाड्याने मिळते, आणि भाडे संपादक निवृत्त झाल्यावरही द्यावे लागते. शिवाय मर्यादा चुकीची असेल तर मोठा सर्व्हरही तसाच कोसळतो, फक्त थोडा उशिरा. निक्लाउस विर्थ यांनी १९९५ साली सडपातळ सॉफ्टवेअरचा आग्रह धरला, तो यंत्रे महाग होती म्हणून नव्हे. अनावश्यक गुंतागुंत आपल्या आकलनाबाहेर जाते, हे त्यांचे दुखणे होते.

आपलेही तेच आहे. लघुनियतकालिके पैशाअभावी बंद पडली, तरी त्यांचे अंक कोणाच्या तरी माळ्यावर राहिले. संकेतस्थळाचे भाडे थकले की माळाही उरत नाही. म्हणून ही काटकसर तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होता येणार नाही. जे वाङ्मय १५ एमबीत मावते, ते केवळ आपल्या आळसापायी नाहीसे झाले, तर दोष सर्व्हरला देता येणार नाही.