एफआयआर म्हणजे शिक्षा नव्हे

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नोकरीआधी उमेदवाराची पार्श्वभूमी तपासणाऱ्या प्रणालींमध्ये एक रकाना मी अनेकदा पाहतो: 'गुन्हा नोंद आहे का? होय / नाही.' नुसता एफआयआर, चालू खटला, निर्दोष सुटका आणि शिक्षा या चार वेगळ्या गोष्टी. त्या एका 'होय'मध्ये चारही सारख्याच ठरतात.

नागपुरात हा प्रश्न दूरचा नाही. १७ मार्च २०२५ च्या दंगलीनंतर शंभराहून अधिक लोकांना अटक झाली. निकाल लागायचा तेव्हा लागेल. त्यांच्यातल्या तरुणांपुढे पोलीस पडताळणीचा फॉर्म मात्र त्याआधीच येऊ शकतो.

आणि सुटका झाली की प्रश्न संपतो, असंही नाही. २६/११ च्या खटल्यातून एका मुंबईकराची २०१० मध्ये निर्दोष सुटका झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती २०१२ मध्ये कायम ठेवली. उत्तर प्रदेशातल्या दुसऱ्या खटल्यातली शिक्षाही त्याने भोगली. तरी रिक्षा चालवण्यासाठी लागणारं पोलिसांचं प्रमाणपत्र त्याला नाकारलं गेलं आणि २०२५ मध्ये त्याला उच्च न्यायालयाचं दार ठोठवावं लागलं.

जुनी नोंद कधीच पाहू नये, असं माझं म्हणणं नाही. शाळेच्या बसवर चालक नेमताना मुलांवरच्या अत्याचाराची शिक्षा पाहायलाच हवी. पण गुन्हा कोणता, तो सिद्ध झाला का, किती वर्षं झाली आणि या कामाशी त्याचा संबंध काय, हे विचारलंच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग प्रकरणात (२०१६) जवळपास हेच सांगितलं. फॉर्ममध्ये विचारलेली माहिती खरी द्यावी. पण तरुणपणी घोषणा दिल्यासारखं किरकोळ प्रकरण लपवलं असेल, तर नोकरी देणाऱ्याला त्याकडे दुर्लक्ष करता येतं. अल्पवयीनांना तर बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम २४ बहुतेक प्रकरणांत अशा अपात्रतेपासून संरक्षण देतं.

म्हणून दोस्तांनो, फॉर्ममधला प्रश्न नीट वाचा. अटक विचारली आहे, खटला की शिक्षा, ते पाहा. खोटं लिहू नका. लपवाछपवी बहुधा मूळ गुन्ह्यापेक्षा महाग पडते. निकालाची प्रमाणित प्रत जपून ठेवा. नकार मिळाला तर कारण लेखी मागा.

आणि आपल्यापैकी ज्यांची दुकानं, शाळा, कंपन्या आहेत, त्यांनी तो 'होय/नाही'चा रकाना आधी आपल्याच फॉर्ममधून काढावा. सरकारकडे न्याय मागताना आपल्या दारात आलेल्या मुलाला तो नाकारणं शोभत नाही.