मोजलेली शरीरे आणि न मोजलेली

१० डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील हॉलोमन हवाई तळावर जॉन पॉल स्टॅप या लष्करी डॉक्टरांनी स्वतःला एका अग्निबाण-गाडीच्या आसनाला बांधून घेतले. रुळांवरून धावणाऱ्या त्या गाडीने पाच सेकंदांत ताशी सुमारे १,०१७ किलोमीटरचा वेग गाठला आणि नंतर ती अवघ्या १.४ सेकंदात थांबली. त्या क्षणी स्टॅप यांच्या देहावर गुरुत्वाकर्षणाच्या ४६ पटींहून अधिक भार आला. डोळ्यांत रक्त उतरले, काही काळ दृष्टी गेली. परंतु ते जगले. गुरुत्वाकर्षणाच्या १८ पटींपुढे माणूस वाचत नाही, अशी समजूत पूर्वी रूढ होती आणि तिच्याच आधारावर विमानांतील आसने व पट्टे बनवले जात. याचा अर्थ असा की, देह टिकला असता अशा अपघातांतही केवळ आसन तुटल्यामुळे वैमानिक प्राणाला मुकत होते. स्टॅप यांनी आपल्या शरीराची मोजपट्टी केली आणि ती समजूत खोटी ठरवली.

विमानविद्येचा इतिहास सामान्यतः यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात विमान किती उंच जावे आणि किती वेगाने वळावे, याची अंतिम मर्यादा यंत्राने नव्हे, तर आत बसलेल्या माणसाच्या रक्ताभिसरणाने आणि श्वसनाने ठरते. १५ एप्रिल १८७५ रोजी फ्रान्समध्ये ‘झेनिथ’ नावाच्या फुग्यातून आठ हजार मीटरच्या वर गेलेल्या तिघांपैकी दोघे प्राणवायूच्या अभावी मरण पावले. प्राणवायूच्या पिशव्या त्यांच्या हाताशीच होत्या. पण बधिरलेल्या हातांत त्या वापरण्याची शक्ती उरली नव्हती. विरळ हवेचे हे शास्त्र पॉल बेर या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने त्याच काळात पायाशुद्ध केले. त्या पायावर पुढे जी विद्या उभी राहिली, तिचे भारतातील केंद्र बंगळुरूची हवाई दलाची वैमानिकी वैद्यक संस्था हे होय. ती १९५७ साली स्थापन झाली आणि गगनयान मोहिमेच्या अंतराळवीरांची निवडही तिच्याच कसोट्यांतून झाली. या शास्त्राने असंख्य वैमानिकांचे प्राण वाचवले, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही.

या विद्येचा उपकार सैन्यापुरताच राहिला नाही, हेही मान्य केले पाहिजे. हवाई दलाचे जितके जवान विमान अपघातांत मरतात, जवळजवळ तितकेच ते रस्त्यावरच्या मोटार अपघातांत मरतात, हे स्टॅप यांच्या ध्यानात आले. संरक्षणाचा पैसा मोटारींच्या चाचण्यांवर का खर्चावा, असा आक्षेप घेतला गेला. तरी त्यांनी आपले निष्कर्ष मोटार कारखानदारांपुढे आणि विद्यापीठांपुढे मांडले. मोटारींच्या टकरींविषयी त्यांनी १९५५ साली सुरू केलेली परिषद आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९६६ साली अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला आणि १९६८ पासून नव्या प्रवासी मोटारींत पट्टे सक्तीचे झाले. आज मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पट्टा आवळणाऱ्या चालकाला हॉलोमनचे नावही ठाऊक नसते. पण तो त्या प्रयोगाचा लाभार्थी आहे. लष्करी संशोधन समाजाच्या हिताचे कसे ठरू शकते, याचे हे निर्विवाद उदाहरण होय.

परंतु या उदाहरणाने एवढ्यावरच समाधान मानणे म्हणजे नाण्याची एकच बाजू पाहणे होईल. विमानाच्या आत बसलेल्या माणसाचे शरीर ज्या निष्ठेने मोजले गेले, त्या निष्ठेने विमानाच्या बाहेरचे आणि विमानाखालचे शरीर मोजले गेले काय, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर व्हिएतनामच्या युद्धाने दिले आहे आणि ते सुखावह नाही.

१९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी हवाई दलाच्या सी-१२३ विमानांनी दक्षिण व्हिएतनामच्या जंगलांवर आणि शेतांवर तणनाशकांची फवारणी केली. या मोहिमेचे सांकेतिक नाव ‘रँच हँड’. या युद्धात वापरल्या गेलेल्या तणनाशकांचे प्रमाण सात कोटी लिटरांहून अधिक होते. त्यांतील निम्म्याहून अधिक द्रव्य पिंपांवरील नारिंगी पट्ट्यामुळे ‘एजंट ऑरेंज’ या नावाने कुप्रसिद्ध झाले. त्याच्या एका घटकाच्या निर्मितीत डायॉक्सिन हे अत्यंत विषारी आणि वर्षानुवर्षे न विरणारे द्रव्य नकळत तयार होत असे. पानगळ घडवणाऱ्या या रसायनांमागे जीवशास्त्राचेच संशोधन होते. आर्थर गॉल्स्टन या वनस्पतिशास्त्रज्ञाने विद्यार्थिदशेत सोयाबीनला लवकर फुले कशी यावीत याचा अभ्यास करताना असे पाहिले होते की, वापरलेल्या रसायनाची मात्रा वाढवली की पाने गळतात. आपल्या शोधाची वाट पुढे कोणत्या दिशेला गेली, हे कळल्यावर त्यांनी फवारणीविरुद्ध वैज्ञानिकांची मोहीम उभारण्यात पुढाकार घेतला. १९७० साली एजंट ऑरेंजचा वापर थांबला, त्यात या मोहिमेचा वाटा होता. स्टॅप यांनी ज्ञान सैन्याच्या कुंपणाबाहेर नेले. गॉल्स्टन यांनी कुंपणाबाहेर राहून सैन्याला जाब विचारला. शास्त्रज्ञाच्या कर्तव्याची ही दोन्ही रूपे आहेत.

युद्धानंतर जे संशोधन झाले, त्याचा आराखडाच बोलका आहे. १९८२ साली अमेरिकी हवाई दलाने फवारणी करणाऱ्या आपल्या माणसांचा आरोग्य-अभ्यास हाती घेतला. त्यांची तुलना आग्नेय आशियात उडालेल्या, पण फवारणी न केलेल्या विमानदळांशी करण्यात आली. २००२ पर्यंत सहा वेळा त्यांची सर्वांगीण तपासणी झाली आणि रक्तातील डायॉक्सिनही मोजले गेले. डायॉक्सिनचा आणि मधुमेहाचा संबंध या अभ्यासातून पुढे आला. त्याहून विचार करायला लावणारी बाब अशी की, हे विष सर्वांत कमी सापडले ते अधिकाऱ्यांच्या रक्तात आणि सर्वांत अधिक सापडले ते जमिनीवर टाक्या भरणाऱ्या, यंत्रे दुरुस्त करणाऱ्या साध्या जवानांच्या रक्तात. ज्याच्या हाताला पिंप लागते, त्याच्याच रक्तात विष उतरते, हे सांगायला खरे तर प्रयोगशाळा लागू नये; पण ती लागली.

ती विमाने युद्धानंतर अमेरिकेत परतली आणि १९८२ पर्यंत राखीव दलाचे वैमानिक व परिचारिका त्यांतून नित्य प्रवास करत राहिल्या. १९९४ साली संग्रहालयात ठेवलेल्या अशा एका विमानाच्या तपासणीत डायॉक्सिन आढळले. तरीही या माणसांना बाधा झाली असण्याचा संभव अधिकृतपणे मान्य होऊन त्यांना साहाय्याचा हक्क मिळण्यास २०१५ साल उजाडावे लागले. ज्यांनी फवारले, त्यांना मोजले. ज्यांनी नंतर त्याच विमानांत बसून काम केले, त्यांना मोजण्याचे कोणाच्या मनातही आले नाही.

आणि ज्यांच्यावर फवारले, त्यांचे काय? २००३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या गणनेनुसार फवारणी झालेल्या खेड्यांत निदान २१ लाख आणि कदाचित ४८ लाख माणसे राहत होती. व्हिएतनामी बालकांतील जन्मजात व्यंगांचा संयुक्त अभ्यास करण्याची योजना २००५ साली अमेरिकेने गुंडाळली. त्याच वर्षी रसायन-कंपन्यांविरुद्ध व्हिएतनामी नागरिकांनी केलेला दावा अमेरिकेच्या न्यायालयाने फेटाळला. एका विशिष्ट रोगाचे मूळ एका विशिष्ट रसायनात दाखवणे कठीण असते, हे शास्त्रीय सत्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु हीच अडचण अमेरिकी सैनिकांच्या बाबतीतही होती. तेथे १९९१ च्या कायद्याने संशयाचा फायदा सैनिकाला दिला आणि ते योग्यच झाले. तोच संशय व्हिएतनामी शेतकऱ्याच्या वाट्याला आला, तेव्हा मात्र त्याचा फायदा प्रतिपक्षाला मिळाला. पुराव्याचे हे दोन न्याय शास्त्राने निर्माण केलेले नाहीत. कोणाला मोजायचे, या निवडीने ते निर्माण केले आहेत.

हा जुना इतिहास आहे, असे म्हणून हात झटकता येणार नाही. त्याच युद्धात, २९ जुलै १९६७ रोजी, टोंकिनच्या आखातात ‘फॉरेस्टल’ या विमानवाहू जहाजावर भडकलेल्या आगीत १३४ जण मृत्युमुखी पडले. पेटलेले इंधन क्षणार्धात विझवणारा एक नवा फेस अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाला होता. त्याचा प्रसार नंतर जहाजांवर, हवाई तळांवर आणि नागरी विमानतळांवरही झाला. त्याने प्राण वाचवले, यात शंका नाही. परंतु त्यातील फ्लोरिनयुक्त रसायने मातीत विरत नाहीत. सरावासाठी फवारलेला फेस झिरपत गेला आणि अनेक तळांभोवतीच्या विहिरींचे पाणी त्याने दूषित केले. २०२४ साली अमेरिकेने अशा दोन प्रमुख रसायनांसाठी पिण्याच्या पाण्यात ठरवलेली मर्यादा एक लाख कोटी भागांत चार भाग एवढी सूक्ष्म आहे. वैमानिकाचा देह वाचवण्यासाठी शोधलेले द्रव्य तळाच्या कुंपणाबाहेरच्या घरात पेल्यातून पोहोचले. पेला मोजायचा विचार सुचला, तो काही दशकांनी.

भारताने यातून काय घ्यावे? महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर पुण्याचे लोहगाव आणि नाशिकजवळचे ओझर ही विमानांची केंद्रे आता ओसाड माळावर राहिलेली नाहीत. लोहगावी लढाऊ विमाने आणि नागरी विमाने एकाच धावपट्टीवरून उडतात आणि शहर तिच्या कुंपणापर्यंत येऊन ठेपले आहे. तेथील पाण्यात काही दोष आहे, असा आरोप करण्याचा येथे हेतू नाही. मागणी एवढीच की, दोष आहे की नाही, हे मोजून सांगावे. तळांभोवतीच्या विहिरींचे पाणी, शाळांच्या वर्गांत पोहोचणारा आवाज आणि इंधन, रंग व द्रावके हाताळणाऱ्या कामगारांचे आरोग्य यांची नियमित तपासणी व्हावी आणि तिचे निष्कर्ष प्रसिद्ध व्हावेत.

यावर सुरक्षेच्या गुप्ततेचे उत्तर दिले जाईल. विमानाची क्षमता, शस्त्रांचा साठा, उड्डाणांचे वेळापत्रक गुप्त राहिलेच पाहिजे. परंतु विहिरीच्या पाण्यात काय आहे, हे कळल्याने कोणत्या शत्रूचा लाभ होईल? खर्चाचे कारणही टिकणारे नाही. व्हिएतनाममधील दा नांगच्या विमानतळावरील डायॉक्सिनयुक्त माती तापवून शुद्ध करण्याचे काम २०१२ ते २०१८ इतकी वर्षे चालले आणि त्याहून मोठे बिएन होआचे काम २०१९ मध्ये हाती घ्यावे लागले. वेळीच केलेली मोजणी स्वस्त असते; महाग पडते ती टाळलेली मोजणी.

भारतापाशी यासाठी लागणारी विद्या आहे. ज्या देशाची संस्था माणसाला अंतराळप्रवासासाठी पारखू शकते, त्या देशाला धावपट्टीपलीकडच्या वस्तीतील मुलाचे कान आणि पेट्रोलचे पिंप उचलणाऱ्या कामगाराचे रक्त तपासणे अवघड नाही. प्रश्न विद्येचा नाही, दृष्टीचा आहे. स्टॅप यांनी स्वतःचा देह गाडीला बांधला, तेव्हा त्यांना एकच गोष्ट सिद्ध करायची होती: समजुतीवर विसंबू नये, मोजावे. हा नियम विमानाच्या आत जितका खरा, तितकाच तो विमानाखालच्या जमिनीवरही खरा आहे. शास्त्राने संरक्षण दिले ते ज्याला मोजले त्यालाच. म्हणूनच कोणाला मोजायचे हा निर्णय केवळ सेनापतींवर आणि प्रयोगशाळांवर सोडून चालणार नाही.